पिरॅमिड तंबू

पिरॅमिड तंबू हा एकाच मध्यवर्ती काठीच्या आधाराने उभा राहणारा, चौकोनी किंवा बहुकोनी तळाचा आणि सर्व बाजूंनी एका शिखराकडे निमुळता होत जाणारा तंबू आहे. पाठीवर सामान घेऊन अनेक दिवस पायी भटकणाऱ्यांमध्ये, विशेषतः ओझे शक्य तितके कमी ठेवणाऱ्या 'अतिहलक्या' पदभ्रमंतीत, हा प्रकार लोकप्रिय आहे. इंग्रजी बोलीत त्याला नुसते 'मिड' असेही म्हणतात. या तंबूसोबत बहुधा स्वतंत्र खांब येत नाही. दिवसा चालताना हातात असलेली ट्रेकिंगची काठीच रात्री त्याचा खांब होते. त्याला शिवलेला तळ नसतो आणि आतला दुसरा पदरही बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो. त्यामुळे दोन माणसांवर छत धरणारे कापड अर्ध्या किलोच्या आत बसू शकते.

घुमटाकार तंबू आपल्या लवचीक दांड्यांच्या जोरावर मेखा न ठोकताही आकार धरून उभा राहतो. पिरॅमिड तंबूचे तसे नाही. त्याची सगळी मजबुती कापडातील ताणातून येते आणि तो ताण जमिनीतील मेखांनी धरून ठेवलेला असतो. वाऱ्याच्या बाजूची एखादी मेख उपटली गेली, तर त्या कोपऱ्यापुरते नव्हे, तर संपूर्ण निवाऱ्याचे संतुलन जाते. म्हणूनच या तंबूची निवड करताना त्याच्या वजनाच्या आकड्याइतकाच तो कोणत्या जमिनीवर आणि कोणाच्या हातून उभारला जाणार आहे, याचा विचार करावा लागतो.

मराठीत तंबूविषयीची शब्दसंपदा जुनी आणि समृद्ध आहे. लष्करी मुक्कामातील डेरे, राहुट्या आणि कनाती, तसेच भटक्या समाजांची पाले यांतून आलेले शब्द आजही उपयोगी पडतात. प्रस्तुत लेखात जमिनीत ठोकायच्या खुंटीला मेख, तंबू ताणणाऱ्या दोरीला तणावा आणि तंबूच्या उतरत्या बाजूला, घराच्या छपराप्रमाणेच, पाखे म्हटले आहे.

इतिहास

एका खांबाभोवती कापड ताणून निवारा करण्याची पद्धत अनेक संस्कृतींत आढळते. आधुनिक काळात अमेरिकी लष्करातील अधिकारी हेन्री हॉपकिन्स सिब्ली यांनी १८५६ मध्ये शंकूच्या आकाराच्या तंबूचे पेटंट घेतले. उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील मूलनिवासींच्या 'टिपी' या निवाऱ्यावरून त्याची कल्पना घेतलेली होती. टिपीला वर एकत्र बांधलेले अनेक दांडे लागत. सिब्ली यांनी त्यांच्या जागी मधोमध एकच खांब आणि त्याखाली लोखंडी तिवई योजली. अमेरिकी यादवी युद्धात हा तंबू वापरला गेला.

अंटार्क्टिकावरील मोहिमांत पिरॅमिडचा वेगळा प्रकार रूढ झाला. ब्रिटिश मोहिमप्रमुख रॉबर्ट फाल्कन स्कॉट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंबूत मध्यभागी खांब नसून चार कोपऱ्यांवर चार दांडे असतात आणि ते शिखरापाशी जोडलेले असतात. कापडाच्या खालच्या कडेला रुंद झालर असते. तिच्यावर बर्फ रचून तंबू दाबून ठेवतात. जुलै १९११ मध्ये एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ऍप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे ऐन ध्रुवीय हिवाळ्यात केप क्रोझियर येथे गेले असता त्यांचा असाच तंबू वादळात उडून गेला. तो परत मिळेपर्यंत त्यांनी जगण्याची आशा जवळजवळ सोडली होती. वादळ ओसरल्यावर तो खाली उतारावर सापडला आणि विशेष म्हणजे त्याची फारशी हानी झालेली नव्हती. तंबू दुबळा नव्हता. त्याची जमिनीवरची पकड सुटली होती. याउलट मार्च १९१२ च्या अखेरीस ज्या तंबूत स्कॉट आणि त्यांचे दोन सहकारी मरण पावले, तो १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला बर्फात अर्धवट गाडलेल्या, पण उभ्या स्थितीत आढळला. स्कॉट तंबू आजही अंटार्क्टिकावरील संशोधक वापरतात. मात्र तो स्लेजवरून किंवा वाहनातून न्यायचा भारी तंबू आहे, पाठीवरून नेण्याचा नव्हे.

गिर्यारोहकांसाठी हलका, एका काठीचा पिरॅमिड बाजारात आणण्यात अमेरिकेतील चुइनार्ड इक्विपमेंट या कंपनीचा वाटा मोठा होता. १९८९ मध्ये तिच्यातून ब्लॅक डायमंड ही कंपनी उभी राहिली आणि तिचा 'मेगामिड' बराच काळ या प्रकाराचा प्रतिनिधी मानला गेला. याच सुमारास लांब पल्ल्याच्या पायवाटांवर ओझे कमी करण्याचा विचार मूळ धरू लागला. एमा गेटवुड यांनी १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, सुमारे ३,५०० किलोमीटरची ऍपलाचियन ट्रेल एकट्याने पूर्ण केली होती. त्यांच्याकडे तंबू नव्हता. पावसासाठी न्हाणीघरात लावायचा प्लॅस्टिकचा पडदा होता. गिर्यारोहक आणि अभियंता रे जार्डिन यांनी १९९२ च्या 'द पीसीटी हायकर्स हँडबुक' या पुस्तकातून हलक्या ओझ्याची पद्धतशीर मांडणी केली. जार्डिन यांचा भर सपाट ताडपत्रीवर होता. पण ताडपत्रीतून वारा आरपार जातो. चारही बाजू बंद असलेला पिरॅमिड ही उणीव भरून काढतो. पुढे लहान उत्पादकांनी त्यात अनेक सुधारणा केल्या. माउंटन लॉरेल डिझाइन्सचा 'ड्युओमिड', हायपरलाइट माउंटन गियरचा 'अल्टामिड' आणि इजिप्तच्या राजाचे नाव धारण करणारा जपानी लोकस गियरचा 'खुफू' ही त्यांतील परिचित नावे होत.

आकार आणि आतली जागा

पिरॅमिड तंबूच्या जाहिरातीत तळाचे क्षेत्रफळ ठळकपणे छापलेले असते. पाखी तिरकी असल्याने ते सगळे वापरता येत नाही. समजा, तळ २.७ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद असून उंची १.४ मीटर आहे. तळाचे क्षेत्रफळ सुमारे ४.६ चौरस मीटर भरते. परंतु झोपलेल्या माणसाचे डोके किंवा स्लीपिंग बॅगचा पायाकडील फुगीर भाग जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत येतो असे धरले, तर त्या उंचीवर तंबूची लांबी २.१२ मीटर आणि रुंदी १.३४ मीटर एवढीच उरते. म्हणजे छापील क्षेत्रफळापैकी सुमारे ६२ टक्केच जागा झोपण्याच्या कामाची असते. सहा फूट उंचीच्या माणसाला या लांबीत जेमतेम अंग पसरता येते आणि किंचित सरकताच पाय कापडाला टेकतात. कडेची उरलेली जागा मात्र वाया जात नाही. तिथे बूट, पिशवी आणि भांडी राहतात.

याच तंबूला लागणारे कापड सुमारे ७.७ चौरस मीटर असते. चौरस मीटरला ४५ ग्रॅम वजनाचे कापड घेतल्यास ते ३५० ग्रॅमच्या आसपास भरते आणि २५ ग्रॅमचे घेतल्यास १९५ ग्रॅमच्या आत राहते. शिवणी, चेन, कोपऱ्यांचे ठिगळ आणि पट्ट्या यांची भर वेगळी. इतक्या थोड्या कापडात इतका आडोसा देणारे आकार फारसे नाहीत, हेच पिरॅमिडच्या लोकप्रियतेचे मूळ आहे.

उंची वाढवली की पाखी अधिक उभी होतात, आतली जागा वाढते आणि बर्फ सहज घसरतो. पण वाऱ्याला अडणारा पृष्ठभागही वाढतो. बुटका तंबू वाऱ्यात शांत राहतो, मात्र त्यात ताठ बसता येत नाही आणि ओले कापड सतत अंगाला लागते. तळ चौरस असल्यास चारही बाजूंनी वाऱ्याला सारखेच तोंड देता येते. आयताकृती तळात अरुंद बाजू वाऱ्याकडे करण्याची सोय मिळते. षटकोनी तळात पाखी लहान होतात, त्यामुळे ती कमी फडफडतात; पण मेखा आणि शिवणी वाढतात. मधली काठी अनेकांना अडचणीची वाटते. एकट्या माणसाला ती बिछाना आणि सामान यांमधील दुभाजक म्हणून चालते. दोघांमध्ये मात्र ती खरोखरच आड येते. यावर उपाय म्हणून दोन काठ्या उलट्या 'व्ही' आकारात शिखराखाली लावतात. त्यामुळे मधली जागा मोकळी होते आणि आधारही अधिक भक्कम मिळतो.

कापड

अतिहलक्या पिरॅमिडसाठी प्रामुख्याने तीन प्रकारची कापडे वापरली जातात.

सिलनायलॉन हे सिलिकॉनने भिजवलेले पातळ नायलॉन आहे. ते फाटण्यास चिवट, घडी करण्यास सोयीचे आणि तुलनेने स्वस्त असते. त्याचा दोष असा, की नायलॉन पाणी शोषते आणि ओले झाल्यावर ताणले जाते. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला तंबू पावसानंतर तासाभरात ढिला पडतो, त्याची पाखी आत झुकतात आणि वाऱ्यात फडफडू लागतात. हा बिघाड नसून त्या धाग्याचा गुणधर्म आहे. झोपण्यापूर्वी एकदा तणावे पुन्हा आवळले की काम भागते. पॉलिएस्टरच्या कापडावर हाच सिलिकॉनचा लेप दिल्यास सिलपॉली तयार होते. ते पाणी फारच थोडे शोषते, त्यामुळे ओले झाले तरी फारसे सैल पडत नाही. सारख्या जाडीत त्याची ताकद नायलॉनपेक्षा काहीशी कमी असते, तरी सततच्या पावसात रात्री बाहेर पडून दोर आवळावे न लागणे ही मोठीच सोय आहे.

तिसरे कापड म्हणजे डायनीमा कंपोझिट. पूर्वी ते 'क्युबेन फायबर' या नावाने ओळखले जाई. स्पर्धेतील शिडांच्या नौकांसाठी विकसित झालेल्या या कापडाचे जुने नाव १९९२ ची अमेरिकाज् कप स्पर्धा जिंकणाऱ्या 'अमेरिका क्यूब्ड' या नौकेशी निगडित आहे. ते विणलेले नसते. अतिशय मजबूत पॉलिएथिलीनचे तंतू पॉलिएस्टरच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये चिकटवलेले असतात. ते पाणी शोषत नाही, ताणले जात नाही आणि वजनाला सर्वांत हलके असते. परंतु त्याची किंमत सिलनायलॉनच्या तंबूपेक्षा दुपटीहून अधिक असू शकते, घडी जाड होते, टोकदार वस्तूने छिद्र लवकर पडते आणि घर्षणाने पापुद्रा झिजतो. ते ताणले जात नसल्यामुळे उभारणीतील चूकही झाकून घेत नाही. नायलॉनचा तंबू कोपरे थोडे वाकडे पडले तरी खेचून नीट दिसतो. डायनीमाचा तंबू प्रत्येक चूक सुरकुतीच्या रूपाने दाखवतो.

सिलिकॉनच्या लेपावर शिवणबंद पट्टी चिकटत नाही. म्हणून सिलनायलॉन आणि सिलपॉलीच्या अनेक तंबूंच्या शिवणी ग्राहकाला स्वतः द्रव सिलिकॉन लावून बंद कराव्या लागतात. हे काम न करता पहिल्याच पावसात गेलेल्यांना तंबू 'गळका' वाटतो.

निवड करताना

विक्रेत्याने सांगितलेले वजन हे बहुतेक वेळा फक्त वरच्या कापडाचे असते. ४०० ग्रॅमच्या पिरॅमिडसोबत सुमारे १४ ग्रॅमच्या आठ मेखा घेतल्या की ११० ग्रॅम वाढतात. जमिनीवर अंथरायचे कापड, तणाव्यांच्या दोऱ्या आणि डासांपासून बचावासाठी जाळीचा आतला तंबू घेतल्यास एकूण वजन एक किलोच्या आसपास पोहोचते. चांगल्या हलक्या दुपदरी तंबूपासून हे फार दूर नाही. ज्याला ट्रेकिंगच्या काठ्या वापरण्याची सवय नाही, त्याला खांबाचे वजनही मोजावे लागेल. तेव्हा कोरड्या, किडेविरहित थंड प्रदेशात केवळ कापडाखाली झोपणाऱ्यालाच पिरॅमिडचा पूर्ण लाभ मिळतो. इतरांना त्यात लवचीकता मिळते: पावसात आधी छत उभारून मग कोरड्यात आतला तंबू लावता येतो आणि सकाळी छत शेवटी काढता येते. सतत ओल्या हवेत हा गुण वजनापेक्षाही मोलाचा ठरतो.

विकत घेण्यापूर्वी काही तपशील हाताने तपासण्याजोगे असतात. शिखराच्या आतल्या बाजूला काठीचे टोक टेकते तिथे जाड कापडाचे अस्तर हवे. प्रत्येक पाख्याच्या मध्यावर जादा तणावा बांधण्यासाठी फास असावा. कोपऱ्यांच्या मधल्या कडेलाही मेख मारण्याची सोय असावी. शिखराजवळ पावसापासून झाकलेले हवेचे तोंड असणे जवळजवळ आवश्यक आहे. खालची कड सरळ न कापता, दोन खुंट्यांना बांधलेली साखळी मधे जसा झोळ घेते तशा वक्र रेषेत कापलेली असल्यास ताण सारखा पसरतो आणि कापड कमी फडफडते.

दाराची बाजू हा पिरॅमिडचा कच्चा दुवा आहे. दार तिरक्या पाख्यातच असल्याने ते उघडले की पाऊस थेट आत, बहुधा बिछान्यावरच, पडतो. शिवाय ताणाचा मोठा भाग दाराच्या चेनवर येतो. म्हणून चेनच्या खालच्या टोकाला अडकवायची वेगळी कडी असते. आधी कडी लावून ताण तिच्यावर घेणे आणि नंतरच चेन ओढणे, हा क्रम पाळला नाही तर चेनचे दात लवकरच निकामी होतात.

जागा आणि उभारणी

जागा निवडताना जमीन सपाट असण्याबरोबरच तिथे पाणी कसे वाहील हे पाहावे लागते. तळ नसलेल्या तंबूत खोलगट जागी पाणी सरळ बिछान्याखाली येते. दरीच्या तळाशी रात्री थंड हवा साचते आणि दव जास्त पडते. उघड्या धारेवर वारा असतो. या दोहोंच्या मधला, झाडांच्या किंवा खडकाच्या आडोशाचा थोडा उंचवटा बहुतेक वेळा उत्तम ठरतो. डोक्यावर वाळकी फांदी नाही हेही पाहिले पाहिजे.

उभारणीचा सर्वसाधारण क्रम असा असतो. दार पूर्ण बंद करून कापड जमिनीवर पसरतात. आयताकृती तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे आणि दार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला ठेवतात. वर घेतलेल्या उदाहरणातील तंबूत अरुंद पाख्याचे वाऱ्यासमोरील क्षेत्रफळ रुंद पाख्यापेक्षा ३७ टक्क्यांनी कमी आहे, शिवाय त्याचा उतारही अधिक मंद आहे. सर्वप्रथम वाऱ्याकडील दोन कोपऱ्यांच्या मेखा ठोकतात, म्हणजे कापड हातातून उडत नाही. नंतर उरलेले दोन कोपरे ओढून तळ काटकोनी करतात. नवख्यांची चूक बहुधा इथेच होते. कोपरे जीव खाऊन ताणले तर काठी उभी करायला कापड उरत नाही; तळ समांतरभुज चौकोनासारखा तिरका झाला तर एक पाखे घट्ट आणि शेजारचे सैल राहते. दोन्ही कर्ण काठीने किंवा दोरीने मोजून सारखे आहेत की नाहीत हे पाहणे हा सोपा आणि खात्रीचा उपाय आहे. या टप्प्यावर कोपऱ्यांचे तणावे थोडे सैलच ठेवायचे असतात.

त्यानंतर दाराची कडी लावून, चेन अर्धी उघडून काठी आत नेतात, शिखरात टेकवतात आणि हळूहळू उभी करतात. काठी पूर्ण उभी झाल्यावर तिची लांबी वाढवून कापडाला ताण देतात. मऊ जमिनीत काठी खाली रुतत जाते आणि तंबू आपोआप ढिला पडतो. तिच्याखाली सपाट दगड किंवा भांड्याचे झाकण ठेवल्यास हे टळते. पिळून घट्ट करायच्या काठ्या रात्री ओझ्याखाली सरकण्याचा संभव असतो; खटक्याच्या काठ्या त्या मानाने विश्वासार्ह असतात. काठी आखूड पडत असल्यास दोन काठ्या पट्ट्यांनी जोडतात किंवा दगडावर उभी करतात. शेवटी चारही कोपरे आळीपाळीने, समोरासमोरील जोडीने आवळतात आणि मग मधल्या कडांच्या मेखा मारतात. सवय झालेल्या माणसाला या सगळ्याला पाच मिनिटांहून कमी वेळ लागतो. सवय घराजवळच्या मैदानात करायची असते, पावसात नव्हे.

मेख तणाव्याच्या उलट दिशेला किंचित झुकवून पूर्ण आत ठोकतात आणि दोरी तिच्या अगदी मुळाशी अडकवतात. वर राहिलेल्या टोकाला दोरी बांधल्यास मेख तरफेसारखी उपटली जाते. घट्ट मातीत 'वाय' आकाराच्या छेदाच्या मेखा चांगल्या धरतात. वाळूत आणि बर्फात मेख उभी न ठोकता आडवी पुरून वरचा थर दाबतात. मेख शिरतच नाही अशा खडकावर दोरीचा फास एका लहान काठीला घालून तिच्यावर आणि पुढे मोठा दगड ठेवतात. नुसता दगडाला गुंडाळलेला दोर खडबडीत कडेवर घासून तुटतो.

वारा, दव आणि आग

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उदाहरणातील तंबूच्या रुंद बाजूवर ढोबळमानाने २६ किलो वजनाइतका जोर येतो. वेग दुप्पट झाला तर तोच जोर शंभर किलोंच्या पुढे जातो. हा सगळा भार वाऱ्याकडील दोन-तीन मेखा आणि बोटापेक्षाही बारीक दोऱ्या पेलत असतात. म्हणून वारा वाढण्याची चिन्हे दिसताच तंबू बुटका करतात, कडा जमिनीला टेकवतात, पाख्यांच्या मध्यावरचे तणावे लावतात आणि वाऱ्याकडील प्रत्येक मेखेवर दगड ठेवतात.

शांत, निरभ्र रात्री अडचण वेगळीच असते. उच्छ्वासातील आणि जमिनीतील बाष्प थंड कापडावर साचते आणि एकपदरी तंबूत ते थेंबाथेंबाने आत राहते. खालची कड १० ते १५ सेंटिमीटर उचलून ठेवली आणि शिखराचे तोंड उघडे ठेवले की थंड हवा खालून येते आणि दमट हवा वरून निघून जाते. तरीही दव पूर्णपणे थांबत नाही. ज्या हवेत बाहेरचे गवतही भिजलेले असते, तिथे कोणताही एकपदरी तंबू कोरडा राहत नाही. सकाळी आतून फडके फिरवणे हा या तंबूचा नित्यक्रम आहे.

तळ नसल्यामुळे पिरॅमिडमध्ये स्टोव्ह पेटवण्याचा मोह होतो आणि अनेकजण पावसात तसे करतातही. यात धोका दुहेरी आहे. सिलनायलॉन जळते, तर डायनीमाचे तंतू सुमारे १५० अंश सेल्सिअसलाच वितळतात. दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला वास नसतो आणि बंद तंबूत तो झोपेतच जीव घेऊ शकतो. बर्फाने कडा बुजलेल्या तंबूत तर हवा खेळती असल्याचा समज अधिकच फसवा असतो.

सह्याद्रीत

महाराष्ट्रातील गडांवर मुक्काम करणारे परंपरेने लेण्यांत, देवळांत किंवा गावातील ओसरीवर झोपत आले आहेत. तंबू वापरणाऱ्यांत घुमटाकार तंबूंचे प्रमाण मोठे आहे. त्यामागे सवयीखेरीज सबळ कारण आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर ठिकठिकाणी बसाल्टचा उघडा कातळ असतो आणि सड्यांवर जांभ्यावरील मातीचा थर अनेकदा बोटभरही नसतो. अशा जागी मेख शिरत नाही आणि मेखांवाचून पिरॅमिड उभा राहत नाही. दगडांचा आधार घ्यावा लागतो, तेव्हा जादा लांब तणावे बरोबर असणे आवश्यक ठरते. तटबंदीचे किंवा जोत्यांचे दगड यासाठी उपसणे म्हणजे वास्तूची हानी होय. सड्यावरचे सुटे दगडही सकाळी मूळ जागी ठेवावे लागतात, कारण त्यांच्याखाली विंचू, बेडूक आणि इतर जीवांचे आश्रयस्थान असते. अर्थात त्याच कारणाने ते उघड्या हाताने उचलणेही शहाणपणाचे नाही.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी वारा कड्यावरून आपटून खालून वर येतो. कड्याजवळ उभारलेल्या तंबूच्या उचललेल्या कडेखाली हा वारा शिरला तर कापड छत्रीप्रमाणे वर फुगते आणि मेखांवर उभा ताण येतो. अशा माथ्यावर कड्यापासून बऱ्याच अंतरावर, कडा जमिनीला टेकवूनच तंबू लावणे इष्ट असते. पावसाळ्यात जळवा आणि डास, इतर ऋतूंत विंचू आणि फुरशासारखे साप यांमुळे नुसत्या छताखाली झोपणे येथे धोक्याचे आहे. परातीसारख्या उभ्या कडांचा तळ असलेला जाळीचा आतला तंबू ही येथे चैन नव्हे. हिवाळ्यातील निरभ्र रात्री दव भरपूर पडते. त्यामुळे अमेरिकेतील कोरड्या वाळवंटी वाटांवर गौरवला गेलेला हा तंबू सह्याद्रीत वजनाच्या दृष्टीने तितका किफायतशीर ठरत नाही. हिमालयातील हिरवळीच्या कुरणांवर, जिथे मऊ मातीत मेखा सहज धरतात, तो अधिक शोभतो.

अनेक गड संरक्षित स्मारके आहेत आणि काही अभयारण्यांच्या हद्दीत येतात. तेथे रात्रीच्या मुक्कामावर पुरातत्त्व विभागाची आणि वनखात्याची बंधने असू शकतात, ती तंबूच्या प्रकारावर अवलंबून नसतात. जागतिक वारशाच्या यादीत २०१२ मध्ये समाविष्ट झालेल्या कास पठारासारख्या सड्यांवर तर पातळ मातीत रुजणाऱ्या वनस्पतींना एका रात्रीचा बिछानाही इजा करू शकतो.